आमदारकीची पाच वर्षं: विदर्भातल्या गावांत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निवडणुकीचा गुलाल धुतला जातो, प्रश्न मात्र पुढची पाच वर्षं येतच राहतात. बरेचसे प्रश्न येतात ते ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि विधानसभा यांचे नियम डोक्यात एकमेकांत मिसळल्यामुळे. म्हणून जिथे जमलं तिथे गावच्या कारभाराशी ताडून उत्तर दिलं आहे. महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषद यांची सदस्यसंख्या, पात्रता आणि मुदत, एवढाच इथला विषय आहे.

आमदाराची मुदत कधीपासून मोजतात? निकालापासून की शपथेपासून?

दोन्ही नाही. राज्यघटनेच्या कलम १७२ प्रमाणे विधानसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीसाठी ठरवलेल्या तारखेपासून पाच वर्षं असते. निकाल कधी लागला, गुलाल कधी उधळला, याचा तिच्याशी संबंध नाही.

हा फरक विदर्भाने २०१९ मध्ये चांगलाच अनुभवला. निकाल लागला २४ ऑक्टोबरला. सरकार काही बनेना. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली आणि सभागृहाची पहिली बैठक झाली २७ नोव्हेंबरला. मधल्या महिनाभरात अवकाळी पावसाने सोयाबीन आणि कापूस भिजून गेला होता. आमदार निवडून आलेले होते, पण शपथ नव्हती, सभागृह नव्हतं, मंत्री नव्हते. खरिपासाठी हेक्टरी ८ हजारांची मदत जाहीर केली ती राज्यपालांनी. त्या विधानसभेची पाच वर्षं २७ नोव्हेंबर २०१९ पासून मोजली गेली, म्हणून ती २६ नोव्हेंबर २०२४ ला संपली.

आताच्या विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ चा आणि पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ ची. मध्येच काही घडलं नाही तर तिची मुदत डिसेंबर २०२९ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत आहे.

म्हणजे प्रत्येक आमदाराला पाच वर्षं मिळतातच ना?

नाही. पाच वर्षं सभागृहाची असतात, माणसाची नाही. हा एक मुद्दा पक्का बसला की खालची निम्मी उत्तरं तुमची तुम्हालाच देता येतील.

मागच्या विधानसभेचं शेवटचं वर्ष बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये अकोला पश्चिमचे गोवर्धन शर्मा वारले. डिसेंबरमध्ये सावनेरचे सुनील केदार यांना नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे प्रकरणात नागपूरच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि लगोलग त्यांची आमदारकी गेली. फेब्रुवारी २०२४ मध्ये कारंजाचे राजेंद्र पाटणी वारले. मार्चमध्ये उमरेडचे राजू पारवे यांनी पक्ष बदलून रामटेक लोकसभा लढवण्यासाठी राजीनामा दिला. जूनमध्ये वरोऱ्याच्या प्रतिभा धानोरकर चंद्रपूरमधून आणि दर्यापूरचे बळवंत वानखडे अमरावतीतून खासदार झाले, त्यामुळे त्या दोन जागाही सुटल्या.

मृत्यू, शिक्षा, राजीनामा, लोकसभा. जागा रिकामी होण्याच्या बहुतेक वाटा एका वर्षात आणि एकट्या विदर्भात दिसून गेल्या. आणि या सहाही मतदारसंघांत नोव्हेंबर २०२४ पर्यंत नवा आमदार आला नाही.

पोटनिवडणूक सहा महिन्यांत घ्यावीच लागते म्हणतात. मग का नाही घेतली?

लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १५१क मध्ये सहा महिन्यांची अट आहे, हे बरोबर. पण त्याच कलमात सूटही आहे. उरलेली मुदत एक वर्षापेक्षा कमी असेल तर पोटनिवडणुकीचं बंधन नाही. सावनेरची जागा रिकामी झाली तेव्हा अकरा महिने उरले होते. कारंजा, उमरेड, वरोरा, दर्यापूरला त्याहूनही कमी.

घोळ झाला तो अकोला पश्चिमचा. तिथे जागा सुटली तेव्हा मुदतीला एक वर्ष आणि वर काही आठवडे बाकी होते. निवडणूक आयोगाने २६ एप्रिल २०२४ ला, लोकसभेच्या मतदानासोबतच, पोटनिवडणूक लावली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्चमध्येच ती रद्द केली. कारण असं की निवडून येणाऱ्याला प्रत्यक्षात वर्षभरही मिळणार नव्हतं. याआधी काटोलला हेच झालं होतं. ऑक्टोबर २०१८ मध्ये आशिष देशमुखांनी राजीनामा दिला, २०१९ च्या लोकसभेसोबत पोटनिवडणूक जाहीर झाली आणि नागपूर खंडपीठातच ती अडली.

खर्चाच्या बाजूने पाहिलं तर हे पटतं. चार-पाच महिन्यांच्या आमदारासाठी यंत्रणा कामाला लावायची, आचारसंहितेत कामं अडकवायची, यात शहाणपण नाही. पण अकोला पश्चिमच्या मतदाराच्या बाजूने पाहिलं तर वर्षभर आपल्या नावाने सभागृहात बोलणारं कोणी नव्हतं, हेही तितकंच खरं.

त्या काळात आमदाराच्या पत्राचं काम कोणी करायचं?

घटनेत बदली आमदार नावाचा प्रकार नाही. शेजारच्या मतदारसंघाच्या आमदाराकडे चार्ज देतात, ही निव्वळ अफवा आहे. तलाठ्याचा चार्ज देता येतो, आमदाराचा नाही. पालकमंत्री, खासदार आणि आपल्या भागातले विधान परिषदेचे सदस्य यांच्याकडे जाता येतं. खरं सांगायचं तर पांदण रस्ता, पीकविमा किंवा निराधारचं अनुदान यासाठी आमदाराचं पत्र कायद्याने लागतच नाही. ते लागतं अशी सवय आपणच लावून घेतली आहे.

याला जोडून येणारा प्रश्न लेटरपॅडचा. निवडणुकीआधी घेऊन ठेवलेलं शिफारसपत्र निवडणुकीनंतर तहसीलमध्ये चालतं का? सही केली त्या दिवशी ते आमदार असतील तर पत्र खोटं ठरत नाही. पण विधानसभा विसर्जित झाली की तिचे सगळे सदस्य त्या क्षणापासून माजी होतात, मंत्री तेवढे नवं सरकार येईपर्यंत खुर्चीवर राहतात. म्हणून सहीच्या खालची तारीख नीट बघा. जुन्या कोऱ्या पॅडवर सही घेऊन ठेवलेली आणि तारीख नंतर निळ्या पेनाने भरलेली पत्रं बाबूलोक बरोबर ओळखतात. मजकूर टाइप केलेला, सही काळ्या शाईची आणि तारीख भलत्याच अक्षरात.

भाऊ, सरपंचाले हटवता येते, मंग आमदाराले काऊन नाही?

कारण कायद्यात तशी सोयच नाही. सरपंचावर सदस्य अविश्वास ठराव आणू शकतात आणि थेट निवडलेला सरपंच असेल तर विषय ग्रामसभेपुढेही येतो. आमदाराला परत बोलावण्याचा अधिकार मतदाराला नाही. विधानसभेत अविश्वास ठराव असतो तो मंत्रिमंडळावर. तो मंजूर झाला तर सरकार पडतं, आमदार आमदारच राहतात.

मग आमदारकी जाते तरी कशाने?

राजीनामा अध्यक्षांनी स्वीकारला तर. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त कैदेची शिक्षा झाली तर, आणि सुटून आल्यावर पुढची सहा वर्षं उभंही राहता येत नाही. पूर्वी अपील केलं की आमदारकी तगून राहायची. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली, म्हणूनच सावनेरचा निर्णय एवढा झटपट झाला. काही गुन्ह्यांत तर शिक्षा किती झाली हेही पाहत नाहीत, दोषी ठरलं की पुरे. याशिवाय शासनाचं लाभाचं पद घेतलं, दिवाळखोर ठरले, न्यायालयाने मनोरुग्ण ठरवलं किंवा नागरिकत्व गेलं, तरी सदस्यत्व जातं. एकाच वेळी दोन्ही सभागृहांचं किंवा दोन राज्यांचं सदस्य राहता येत नाही.

परवानगीशिवाय सलग साठ दिवस गैरहजर राहिलं तर सभागृह जागा रिकामी झाली असं जाहीर करू शकतं. वाचायला कडक वाटतं. पण अधिवेशन संस्थगित असलेले दिवस आणि चार दिवसांपेक्षा लांबलेली तहकुबी यात धरत नाहीत. आपलं सभागृह वर्षभरात मिळून साठ दिवस क्वचितच बसतं, त्यामुळे या कलमाची कोणाला धास्ती वाटत असेल असं दिसत नाही.

पक्ष बदलला तर?

१९८५ च्या पक्षांतरबंदीने, म्हणजे घटनेच्या दहाव्या परिशिष्टाने, आपण होऊन पक्ष सोडणारा किंवा व्हीप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश, मोडणारा आमदार अपात्र ठरतो. अपक्ष निवडून आलेल्याने नंतर पक्षात प्रवेश केला तरी तेच. पूर्वी एक तृतीयांश आमदार फुटले तर चालायचं, २००३ च्या घटनादुरुस्तीने ते काढलं. आता वाचवते ती फक्त विलीनीकरणाची वाट आणि तिला दोन तृतीयांश आमदार लागतात.

कागदावर एवढं सोपं आहे. पण निर्णय असतो विधानसभा अध्यक्षांकडे आणि अध्यक्ष निवडतं बहुमत. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला ११ मे २०२३ ला आणि अपात्रतेच्या अर्जांवर अध्यक्षांनी निकाल दिला १० जानेवारी २०२४ ला. त्यात अपात्र कोणीच ठरलं नाही. पाच वर्षांच्या मुदतीत दीड वर्ष निर्णयातच जात असेल तर या कायद्याचा धाक कितपत उरतो, ते ज्याचं त्याने ठरवावं.

विदर्भाचे आमदार किती?

एकूण २८८ पैकी ६२. नागपूर १२, अमरावती ८, यवतमाळ आणि बुलडाणा प्रत्येकी ७, चंद्रपूर ६, अकोला ५, वर्धा आणि गोंदिया प्रत्येकी ४, वाशीम, भंडारा आणि गडचिरोली प्रत्येकी ३.

२००८ च्या मतदारसंघ फेररचनेआधी हा आकडा ६६ होता. फेररचना २००१ च्या जनगणनेवर झाली. राज्याच्या एकूण जागा तेवढ्याच राहिल्या, पण लोकसंख्या मुंबई, ठाणे, पुण्याकडे फुगली आणि तिच्यामागे जागाही गेल्या. आपली पोरं पुण्याला कंपनीत लागली की त्यांच्या डोक्यांबरोबर आमदारही तिकडे सरकतो, असा हा हिशेब आहे.

लोकसंख्या हाच मुख्य निकष असल्यामुळे दुसरी गंमत होते. एकट्या अहेरी मतदारसंघात अहेरी, सिरोंचा, एटापल्ली, भामरागड आणि मुलचेरा असे पाच तालुके येतात. मुंबईचा आमदार सकाळच्या फेरफटक्यात मतदारसंघ पालथा घालू शकतो. इथे प्राणहितेच्या काठावरून भामरागडच्या टोकाला जायचं तर दिवस मोडतो, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली तर भामरागडला पोचताच येत नाही. मत मात्र दोघांनाही सभागृहात एकच.

आमची जागा राखीव आहे. पुढच्या वेळी सुटेल का?

सरपंचपदाची सोडत निघते तशी इथे निघत नाही. राज्यात अनुसूचित जातींसाठी २९ आणि अनुसूचित जमातींसाठी २५ जागा राखीव आहेत, आणि कोणत्या राखीव हे पुढच्या फेररचनेपर्यंत बदलत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी तिन्ही, शिवाय मेळघाट, राळेगाव, आर्णी, आमगाव या जागा अनुसूचित जमातींसाठी आहेत. उमरेड, दर्यापूर, मूर्तिजापूर, मेहकर, वाशीम, उमरखेड, भंडारा, अर्जुनी मोरगाव, चंद्रपूर, उत्तर नागपूर या जागा अनुसूचित जातींसाठी. राखीव असते ती उमेदवारी. मतदान तिथले सगळेच करतात.

महिलांसाठी एक तृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्यातच अट घातली आहे की आधी जनगणना, मग फेररचना आणि मग आरक्षण.

उभं राहायचं तर काय लागतं?

वय २५ पूर्ण, परिषदेसाठी ३०. भारताचं नागरिकत्व. राज्यातल्या कोणत्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, म्हणजे दिग्रसचा मतदार तुमसरला उभा राहू शकतो. अनामत १० हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. जास्तीत जास्त दोन ठिकाणी लढता येतं. शिक्षणाची अट नाही.

विधान परिषदेची मुदत किती?

परिषद कधीच विसर्जित होत नाही. सदस्याची मुदत सहा वर्षं आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात. एकूण ७८ सदस्य. त्यांतले ३० आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक, आणि १२ राज्यपाल नेमतात. या बाराचं काय होऊ शकतं तेही आपण पाहिलं. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने पाठवलेल्या नावांवर निर्णयच झाला नाही आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सात जणांनी शपथ घेतली ती दुसऱ्या सरकारच्या यादीतून.

मध्येच रिकाम्या झालेल्या जागेवर जो येतो त्याला सहा वर्षं मिळत नाहीत, आधीच्याची उरलेली मुदतच मिळते. मार्च २०२५ मध्ये आर्वीचे माजी आमदार दादाराव केचे आणि अमरावतीचे संजय खोडके बिनविरोध परिषदेवर गेले, ते अशाच उरलेल्या मुदतीवर.

सरपंचाला परिषदेच्या निवडणुकीत मत असतं का?

नसतं. हा गैरसमज फार आहे. स्थानिक संस्थांच्या मतदारसंघात जिल्हा परिषद सदस्य, पंचायत समितीचे सभापती आणि नगरपंचायत, नगर परिषद, महापालिकेचे सदस्य मत देतात. ग्रामपंचायत यात नाही. विदर्भात असे सहा मतदारसंघ आहेत: नागपूर, वर्धा-चंद्रपूर-गडचिरोली, भंडारा-गोंदिया, यवतमाळ, अमरावती, आणि अकोला-बुलडाणा-वाशीम. २०२२ पासून बहुतेक संस्थांवर प्रशासक बसले, मतदारच उरले नाहीत, आणि मुदत संपलेल्या जागा तशाच पडून राहिल्या.

पदवीधरच्या यादीत माझं नाव मागच्या वेळी होतं. आता पुन्हा का भरायचं?

कारण ही यादी दर निवडणुकीला कोरी सुरू होते. विधानसभेच्या यादीसारखी ती पुढे चालत नाही. नागपूर किंवा अमरावती विभागात राहत असाल आणि पदवीला तीन वर्षं झाली असतील तर नमुना १८ भरा. शिक्षकांसाठी नमुना १९, त्यात माध्यमिक किंवा वरच्या शाळेत मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवल्याची अट आहे. पदवी घेऊन शेती करणाऱ्यालाही मत आहे, नोकरी लागत नाही.

विधानसभा आधी मोडता येते का? आणि लांबवता?

मोडता येते, मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपाल विसर्जित करतात. १९९५ ची विधानसभा अशीच १९९९ मध्ये, लोकसभेसोबत निवडणूक घेण्यासाठी, काही महिने आधी गुंडाळली गेली.

लांबवायची तर राष्ट्रीय आणीबाणी हवी. तेव्हा संसद एका वेळी एक वर्ष वाढवू शकते, पण आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांपलीकडे नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मुदतच सहा वर्षं केली होती. म्हणून १९७२ मध्ये निवडलेली विधानसभा १९७८ पर्यंत चालली. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने पुन्हा पाच झाली. त्याहून जुना नमुना आपल्या सीपी अँड बेरारचा, म्हणजे विदर्भ ज्यात होता त्या इंग्रजांच्या काळातल्या प्रांताचा. १९३५ च्या कायद्याने नागपूरला ११२ सदस्यांचं एकच सभागृह मिळालं, मुदत पाच वर्षांची. निवडणूक १९३७ ला झाली आणि युद्धामुळे पुढची थेट १९४६ ला.

आमदार नसलेला मंत्री होऊ शकतो का?

सहा महिन्यांपुरता. तेवढ्यात कोणत्या तरी सभागृहात निवडून किंवा नेमून यावं लागतं. उद्धव ठाकरे २८ नोव्हेंबर २०१९ ला मुख्यमंत्री झाले आणि मे २०२० मध्ये, मुदत संपत आली असताना, परिषदेवर बिनविरोध आले.

आणि वेगळा विदर्भ झाला तर?

टपरीवरचा आवडता प्रश्न. राज्य करणं संसदेच्या हाती आहे आणि जागा किती ते तोच कायदा ठरवेल. पण घटनेचा हिशेब मांडता येतो. विधानसभेला किमान ६० सदस्य लागतात, आपले आजच ६२ आहेत. परिषदेला मात्र किमान ४० सदस्य लागतात आणि ती विधानसभेच्या एक तृतीयांशापेक्षा मोठी असू शकत नाही. म्हणजे विधानसभा निदान १२० ची हवी. बासष्टच्या विधानसभेवर परिषद बसत नाही. सीपी अँड बेरारलाही ती नव्हतीच. तिकीट कापलेल्यांची सोय लावायला परिषद नसेल, हे वेगळ्या राज्याच्या भाषणात कोणी सांगत नाही.